कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं, आता पुढे काय?

समन्स येतं, तारीख उजाडते, पुकारा होतो. न्यायाधीश फाईल चाळतात, दोघांना एखाद-दोन प्रश्न विचारतात आणि शिरस्तेदार सांगतात, ‘समुपदेशकांकडे जा.’ पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला इथे दोन गोष्टी वाटतात. कुणी घाबरतं, की आता समजूत घालून पुन्हा नांदायला पाठवणार. कुणी सोडून देतं, की ही नुसती औपचारिकता आहे, खरी केस नंतर चालेल. दोन्ही समज महाग पडतात. घाबरलेला माणूस दबावाखाली नको त्या कागदावर सही करतो. सोडून देणारा माणूस दोन-तीन बैठकांत मिटलं असतं ते प्रकरण चार-पाच वर्षं ओढत नेतो.

हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की सबंध खटल्यात तुमचं बोलणं तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून न वापरता ऐकून घेणारी खोली ही एकच. तिथे जाताना आपल्याला काय हवं आहे ते पक्कं करून जा. आणि ‘नाही’ म्हणण्याचा तुमचा हक्क तिथेही शाबूत असतो, हे विसरू नका.

कायदा काय सांगतो

कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ सालचा. त्याच्या कलम ९ नुसार, प्रकरणाचं स्वरूप पाहून शक्य असेल तिथे आधी तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे. तडजोडीची वाजवी शक्यता दिसली तर न्यायालय कामकाज तात्पुरतं तहकूबही करू शकतं. कलम ६ मध्ये समुपदेशकांच्या नेमणुकीची तरतूद आहे. मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला किंवा नागपूरला कौटुंबिक न्यायालयात ‘विवाह समुपदेशक’ अशी पाटी दिसते, ती याच तरतुदीमुळे. त्यांच्याकडे जायला वेगळी फी पडत नाही. कुणी मागितली तर देऊ नका.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २३ मध्येही समेटाचा प्रयत्न करण्याचं बंधन न्यायालयावर घातलेलं आहे. काही कारणांवर घटस्फोट मागितला असेल तर मात्र हे बंधन लागू होत नाही. जोडीदाराने धर्म बदलणं, असाध्य मानसिक आजार, सात वर्षं ठावठिकाणा नसणं अशी ती कारणं आहेत. छळ किंवा सोडून जाणं यांवर आधारलेल्या दाव्यांना ते लागू होतं, आणि कोर्टात येणारे बहुतेक दावे याच दोन कारणांचे असतात.

पायरी पहिली: नेमकं कुठे पाठवलंय ते बघा

‘काउन्सेलिंगला पाठवलं’ असं सगळेच म्हणतात, पण त्यामागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात.

कौटुंबिक न्यायालयाचा विवाह समुपदेशक ही पहिली. दुसरी मध्यस्थी. तिथे प्रशिक्षित मध्यस्थ असतो, बहुतेक वेळा वकील किंवा निवृत्त न्यायाधीश, आणि भर तडजोडीच्या अटींवर असतो. ज्या जिल्ह्यात-तालुक्यात कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दावा दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो आणि प्रकरण बहुधा मध्यस्थी केंद्राकडे जातं. वैवाहिक वाद मध्यस्थीकडे पाठवावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्टच सांगितलं.

तिसरी कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालची. २००५ च्या या कायद्यातलं कलम १४ दंडाधिकाऱ्यांना समुपदेशनाचा आदेश देऊ देतं, दोघांना एकत्र किंवा एकेकट्याला. त्यानंतरची तारीख दोन महिन्यांच्या आत लावावी लागते. या समुपदेशनाची तऱ्हा वेगळी आहे, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

चौथी पोलिसांकडची. भरोसा सेल, महिला सहाय्य कक्ष, किंवा टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. यांचं काम मोलाचं आहे, पण तो कोर्टाचा आदेश नव्हे. पोलीस ठाण्यात लिहून दिलेला ‘समझोता’ म्हणजे हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश) नाही. पोलिसांसमोर लिहून दिलं म्हणजे घटस्फोट झाला, असं समजून दुसरं लग्न केलेली माणसं आजही भेटतात आणि पुढे अडचणीत सापडतात.

म्हणून रोजनाम्यात (कोर्टाच्या तारखेवारच्या नोंदीत) काय लिहिलंय ते वकिलांना विचारा. वकील नसेल तर स्वतः वाचा, किंवा ई-कोर्ट्सच्या ॲपवर केस क्रमांक टाकून बघा.

पायरी दुसरी: जाण्याआधीची तयारी

लग्नाची पत्रिका किंवा विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, स्वतःचं ओळखपत्र आणि दाव्याची प्रत, एवढं तरी जवळ ठेवा. पोटगीचा प्रश्न असेल तर पगारपत्रक, बँकेचं स्टेटमेंट, घरभाडं, शाळेची फी, औषधाच्या पावत्याही घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्न-खर्चाचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलंय. तेव्हा हे आकडे आज ना उद्या काढावेच लागतात. आधीच काढले तर समुपदेशकांपुढचं बोलणं हवेत राहत नाही.

स्त्रीधनाची यादी शांतपणे बसून करा. ‘सगळे दागिने सासरी आहेत’ या वाक्याने काही हाती लागत नाही. मंगळसूत्र किती तोळ्यांचं, पाटल्या कुणी घातल्या, तोडे कोणाच्या लॉकरमध्ये आहेत, सोनाराची पावती आहे का, नसेल तर लग्नाच्या कोणत्या फोटोत काय दिसतंय, असं लिहा. फ्रिज, कपाट, भांडी हे वेगळ्या कागदावर.

आणखी एक कागद फक्त स्वतःसाठी लिहा, कुणाला दाखवू नका. त्यावर तीन प्रश्नांची उत्तरं हवीत. मला परत एकत्र राहायचंय का? राहायचं असेल तर काय बदललं पाहिजे? नसेल राहायचं, तर कोणत्या गोष्टींशिवाय मी सही करणार नाही? ही उत्तरं आई-वडिलांना किंवा भावाला विचारून लिहू नका. समुपदेशक विचारतात, ‘तुम्हाला काय हवंय?’ आणि उत्तर मामा देतो, बाई मान खाली घालून बसते. मुलाच्या बाजूलाही तेच होतं, तिथे उत्तर आई देते. आपण बोललं नाही की आपल्या वतीने कुणीतरी बोलतंच, आणि त्या माणसाला आपल्याबरोबर राहायचंही नसतं, पोटगीवर दिवसही काढायचे नसतात.

पायरी तिसरी: खोलीत काय होतं

बहुतेक ठिकाणी समुपदेशक आधी एकेकट्याशी बोलतात, मग दोघांना समोरासमोर बसवतात. एका बैठकीत सगळं उरकत नाही. दोन, तीन, कधी त्याहून जास्त तारखा पडतात. वकील सहसा आत नसतात, नातेवाइकांनाही बाहेर थांबायला सांगतात. गरज वाटली तर समुपदेशक आई-वडिलांशी स्वतंत्र बोलतात.

बोलताना घटना सांगा, शिक्के मारू नका. ‘तो बेजबाबदार आहे’ याला समोरचा फक्त ‘नाही’ म्हणेल. ‘गेल्या दिवाळीपासून मुलीची फी माझे वडील भरतायत’ याला त्याला उत्तर द्यावं लागतं. सासू कशी बोलते हे सांगण्यात अर्धा तास घालवाल आणि वेगळं घर घेणं परवडेल का हा मुद्दा राहून जाईल, असं होऊ देऊ नका.

गुप्ततेबद्दल नीट समजून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने कौटुंबिक न्यायालयांसाठी १९८८ साली केलेल्या नियमांनुसार समुपदेशकांसमोर झालेलं बोलणं गोपनीय असतं आणि त्याबद्दल समुपदेशकांना साक्षीला बोलावता येत नाही. ‘हो, त्या दिवशी माझा हात उठला’ किंवा ‘हो, मी रागात घर सोडलं’ हे तिथे मान्य केलं म्हणून ते उद्या उलटतपासणीत तुमच्यासमोर येत नाही. माणसं खरं बोलावीत म्हणूनच ही सोय केलेली आहे. तेव्हा खिशात मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून बसू नका, आणि समोरच्याने ठेवल्याचा संशय आला तर लगेच समुपदेशकांना सांगा.

या गुप्ततेला एक मोठा अपवाद आहे, मुलांचा. तो पुढे येतोच.

मारहाण होत असेल तर

हा भाग घाईत वाचू नका.

घरात हिंसा झाली असेल तर समोरासमोरच्या बैठकीआधीच समुपदेशकांना ते सांगा, शक्य असेल तर लेखी द्या. स्वतंत्र बैठक मागा. कोर्टातून निघायची वेळ वेगळी ठेवण्याची विनंती करा, कारण धोका खोलीत कमी आणि बाहेर रिक्षा शोधताना जास्त असतो. बरोबर कुणीतरी असू द्या, खोलीबाहेर का होईना.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचं समुपदेशन असेल तर २००६ चे नियम तुमच्या बाजूने आहेत. हिंसा पुन्हा होऊ नये हा त्या समुपदेशनाचा हेतू सांगितलेला आहे. प्रतिवादीने तशी हमी द्यायची असते, आणि ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून मारलं’ अशी सबब तिथे मांडूच द्यायची नाही, असं नियम म्हणतो. कुणी ‘थोडं तुम्हीही सांभाळून घ्या’ म्हणालं तर या नियमाची आठवण करून द्या. शांतपणे, पण करून द्या.

समुपदेशन चालू आहे म्हणून संरक्षणाचा किंवा घरात राहू देण्याचा अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा) आदेश मागता येत नाही, असं अजिबात नाही. याच हिंसाचार कायद्याच्या कलम २३ खाली तो मागता येतो. तातडीच्या मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा, ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. पुरुषांना उत्पन्नमर्यादेत बसलं तर मिळतो. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

माझं स्पष्ट मत आहे, की जिवाची भीती असलेल्या बाईने ‘एक संधी’ देण्यासाठी परत जाऊ नये, कुणीही समजावलं तरी. समुपदेशक आदेश देऊ शकत नाहीत. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ ने न्यायालयावर प्रयत्नाचं बंधन घातलंय, तुमच्यावर समेटाचं घातलेलं नाही.

पायरी चौथी: पोटगीचा अर्ज थांबवू नका

‘समुपदेशन संपू दे, मग बघू’ असं सांगून अंतरिम पोटगी लांबवली जाते. समुपदेशन आणि अंतरिम पोटगी एकाच वेळी चालू शकतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यातच आहे. प्रत्यक्षात तेवढ्यात होतंच असं नाही. पण २०२० च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते, म्हणून अर्ज आधी दाखल करून ठेवणं फायद्याचं. पोटगी देणाऱ्यानेही हे लक्षात घ्यावं. थकबाकी साचत जाते आणि एकदम अंगावर येते.

पायरी पाचवी: मुलं असतील तर

ताब्याच्या आणि भेटीच्या वादात न्यायालय समुपदेशकांना मुलाशी बोलायला, घरची परिस्थिती पाहायला आणि अहवाल द्यायला सांगू शकतं. हा अहवाल न्यायाधीश वाचतात. मध्यस्थीतली गुप्तता अशा अहवालाला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलंय, कारण मुलाचं हित पाहताना न्यायालयाला पूर्ण चित्र समोर हवं असतं. मुलाबाबत तुम्ही कसं वागता हे कागदावर येणार आहे, हे गृहीत धरूनच वागा.

मुलाला पढवून नेऊ नका. आठ वर्षांचं पोर ‘पप्पा माझ्या मानसिक आरोग्यासाठी योग्य नाहीत’ असं म्हणालं की समुपदेशकांना वाक्य कुणाचं ते कळतं. मुलाला एवढंच सांगा, की एक ताई किंवा काका तुझ्याशी गप्पा मारणार आहेत, तुला जे वाटतं ते सांग, आम्ही कुणी रागावणार नाही. आणि खरंच रागावू नका. परतीच्या वाटेवर ‘काय काय विचारलं?’ ही चौकशीही नको.

पायरी सहावी: तडजोड झाली, तर ती कशी लिहायची

एकत्र राहायचं ठरलं तर तेही लिहूनच ठरवा. कुठे राहायचं, घरखर्च कोण किती देणार, नोकरी चालू राहणार का, माहेरी जाण्यावर कुणाची परवानगी लागणार नाही, दारू सोडण्याचे उपचार कुठे घेणार. दावा लगेच काढून घेण्यापेक्षा काही महिने एकत्र राहून बघायला तारीख मागता येते. त्याबद्दल वकिलांशी बोला. घाईने पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) देऊन दावा मागे घेतला आणि महिनाभरात परत भांडण झालं, तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

वेगळं व्हायचं ठरलं तर संमती अटी तयार होतात. इथे प्रत्येक शब्द मोजून घ्या. एक उदाहरण देतो. ‘वडिलांना मुलाला अधूनमधून भेटता येईल’ ही अट म्हणजे पुढच्या भांडणाची तारीख आहे. त्याऐवजी असं लिहा: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलाला आईच्या घरून घेतील आणि रविवारी सायंकाळी ६ वाजता तिथेच पोचवतील. गणपतीचे पहिले दोन दिवस एक वर्ष आईकडे, पुढचं वर्ष वडिलांकडे. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी, पहिला भाग कोणाचा ते दरवर्षी आलटून पालटून. रोज रात्री ८ ते ८.३० दरम्यान व्हिडिओ कॉल. मूल आजारी असेल तर आदल्या दिवशी कळवणं, आणि चुकलेली भेट पुढच्या शनिवारी.’ वाचताना कंटाळवाणं वाटतं, पण पुढे दर महिन्याला फोनवर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

पैशांचंही तसंच. रक्कम, तारीख, खातं, दरवर्षी वाढ किती, कॉलेजची फी कोण भरणार, वैद्यकीय विमा कोणाच्या नावावर. एकरकमी पोटगी असेल तर किती पैसे सही करताना आणि किती हुकूमनाम्याच्या दिवशी, हे लिहा. सगळी रक्कम ‘नंतर’वर ठेवून सही करू नका.

छळाचा फौजदारी गुन्हा दाखल असेल, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ४९८-अ खाली किंवा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली, तर ‘केस मागे घेईन’ एवढं लिहून भागत नाही. तडजोडीच्या आधारे तो सहसा उच्च न्यायालयातून रद्द करून घ्यावा लागतो. त्यासाठी कोण अर्ज करणार, संमतीचं प्रतिज्ञापत्र कधी देणार आणि खर्च कोणाचा, हे अटींत हवं.

मसुदा हातात आला की घरी न्या, मराठीत समजून घ्या, रात्रभर ठेवा. ‘आजच सही करा, नाहीतर तारीख जाईल’ असं कुणीही म्हणालं तरी तारीख जाऊ द्या.

संमतीने घटस्फोटात समुपदेशन कशाला?

दोघंही तयार असताना समुपदेशकांकडे का पाठवतात, असा प्रश्न पडतोच. तिथे दोन गोष्टी पाहिल्या जातात. संमती खरी आहे का, आणि अटी दोघांना कळल्यात का. दबाव असेल तर सांगायची हीच जागा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. ही सहा महिन्यांची अट न्यायालय माफ करू शकतं, असा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यासाठी समेटाचे प्रयत्न फसलेले असणं आणि पोटगी-ताब्याचं सगळं ठरलेलं असणं आवश्यक आहे. म्हणजे समुपदेशन नीट पार पडलं तर हे महिने वाचू शकतात. संमती हुकूमनामा होईपर्यंत टिकावी लागते. त्याआधी कुणीही ती मागे घेऊ शकतं.

परदेशात असलेल्यांसाठीही २०१७ च्या त्याच निकालात सोय आहे. योग्य कारण असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंग किंवा आई-वडील, भावंडं यांच्यामार्फत हजर राहण्याची परवानगी न्यायालय देऊ शकतं. पुण्या-मुंबईत दावा आणि नवरा-बायकोपैकी एक जण न्यू जर्सीत किंवा दुबईत, अशी प्रकरणं आता नेहमीची आहेत. अर्ज वेळेत करा, आणि कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून नीट साक्षांकित करून पाठवा. समुपदेशक प्रत्यक्ष त्या माणसाशी बोलायचा आग्रह धरतील, आणि तो योग्यच आहे.

जमलं नाही तर

समुपदेशक न्यायालयाला प्रयत्न यशस्वी झाला की नाही ते कळवतात आणि खटला पुढे चालतो. कोण आडमुठं वागलं याचं प्रमाणपत्र ते देत नाहीत. ‘आमचं पटत नाही’ एवढ्यावर कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देऊ शकत नाही. कायद्यातलं कारण सिद्ध करावं लागतं. विवाह पूर्णपणे मोडल्याच्या कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे, राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली, आणि २०२३ साली घटनापीठाने तो स्पष्ट केला.

तारखांना गैरहजर राहू नका. येता येत नसेल तर कारण लेखी कळवा. वारंवार दांडी मारली की प्रयत्न फसला असं नोंदवून प्रकरण पुढे जातं, आणि पुढे एकतर्फी आदेश होण्याची वाट मोकळी होते. सुनावणीत खासगी गोष्टी निघणार असतील तर बंद खोलीत सुनावणी मागा. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११ नुसार दोघांपैकी एकाने मागितली तरी ती द्यावी लागते.

खटला सुरू झाल्यावरही तडजोडीचं दार बंद होत नाही. साक्षीपुरावे चालू असताना एखाद्या टप्प्यावर दोघंही थकतात आणि पुन्हा समुपदेशकांकडे जायची तयारी होते. तसा अर्ज कधीही देता येतो.

हुकूमनामा हातात आल्यावर

संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. इतर निकालांवर उच्च न्यायालयात अपिलाला कौटुंबिक न्यायालय कायद्यात ३० दिवस दिलेत, हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना मात्र ९० दिवस धरतात. नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका आणि सही-शिक्क्याच्या किमान दोन प्रती घ्या. पासपोर्ट, बँक, शाळा, पुढचं लग्न, सगळीकडे त्याच लागतात. संमती अटी हुकूमनाम्याला जोडल्यात का ते खिडकीवरच उलटून बघा. जोडलेल्या नसतील तर तिथल्या तिथे दुरुस्ती मागा, कारण उद्या पोटगी थकली किंवा मुलाची भेट नाकारली तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करताना त्या पानांचाच आधार घ्यावा लागतो.